कोळारची रडकी

शून्य हा आकडा आमच्या कारखान्यात सगळ्यांना आवडतो. शिफ्टवाल्यांना आवडतो, साहेबांना आवडतो, बाहेरून पाहणीला येणाऱ्यांना तर फारच आवडतो. गॅसच्या पॅनेलवर शून्य म्हणजे हवा स्वच्छ, काम चालू द्या. मला मात्र शून्य दिसलं की आधी संशय येतो. घरचे म्हणतात, हिचा स्वभावच तसा. स्वभाव आहेच, पण त्याला एका दसऱ्याचंही कारण आहे.

बिदरच्या बाहेर कोळारला औषधांची रसायनं तयार करणारा एक कारखाना आहे, तिथं मी इन्स्ट्रुमेंटचं काम करते. दाब, तापमान, टाकीतली पातळी मोजणारी जी यंत्रं असतात, ती नीट ठेवायची. गॅस ओळखणारे सेन्सरही माझ्याकडेच. डिप्लोमा करून मी या कामावर आले तेव्हा बाई पान्हे घेऊन शिडीवर चढतेय म्हणून लोक बघत उभे राहायचे. मी वरून एक-दोघांना असं काही सुनावलं, की मग बघायला येणं बंद झालं. राग माझ्या नाकावरच असतो.

कारखान्याच्या मागच्या अंगाला सांडपाणी साफ करायची जागा आहे. तिथं जमिनीत एक खोल टाकी आहे. सगळ्या प्लांटचं पाणी आधी त्या टाकीत येतं आणि पंपानं पुढं जातं. पाणी साचून राहिलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो सडक्या अंड्यासारख्या वासाचा गॅस. हवेपेक्षा जड असल्यानं तो टाकीतच बसून राहतो आणि खाली उतरलेल्या माणसाला परत वर येऊ देत नाही. म्हणून टाकीच्या तोंडाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एका लोखंडी खांबाला सेन्सर बसवला आहे. मुठीत मावेल एवढी धातूची डबी, तिचं तोंड जमिनीकडे, तोंडाला बारीक जाळी. त्या जाळीतून ती हवा घेते. गॅस वाढला की भोंगा वाजतो, लाल दिवा फिरायला लागतो, आणि टाकीतली हवा ओढून उंच पाइपातून बाहेर टाकणारा पंखा आपोआप सुरू होतो. भोंगा वाजला की तिथल्या माणसांनी हातातलं काम टाकून निंबाच्या झाडाखाली जाऊन थांबायचं, असा नियम आहे.

पावसाळ्यात हा भोंगा फार वाजायचा. कधी खरंच गॅस असायचा, कधी वायरच्या पेटीत ओल गेलेली असायची. कारण काहीही असो, काम थांबायचं आणि लोक वैतागायचे. त्यांनी त्या सेन्सरचं नाव ठेवलं रडकी. आणि रडकीची आई कोण, तर मी. भोंगा वाजला की कुणी ना कुणी मला फोन करून सांगणारच, "अक्का, तुमची लेक रडायलीय." मी चरफडत, हातात पेटी घेऊन निघायची. माझी खरी लेक घरी एवढं कधी रडली नाही.

चिडवण्यात सगळ्यांत पुढं होते अप्पा. सांडपाण्याचं काम बघणाऱ्यांत ते सगळ्यांत जुने. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती, अप्पांनी थोडी शेती केली आणि मग कारखाना धरला. वयानं माझ्या वडलांएवढे, तरी मला अक्काच म्हणायचे. दुपारी डबा उघडला की शेंगाची चटणी आधी माझ्या झाकणात काढून ठेवायचे आणि मग माझ्या लेकीच्या तक्रारी सुरू करायचे. घरी त्यांनी नातवंडं सांभाळलेली, त्यामुळे रडक्या लेकराचे सगळे उपाय त्यांना पाठ. दात यायलेत का बघा, पोट दुखत असंल, दृष्ट लागली असंल. मी हसायची. त्या गप्पांतून पुढं काय निघणार आहे, ते मला स्वप्नातही सुचलं नसतं.

आमच्या कारखान्यात खंडेनवमी जोरात असते. सगळी हत्यारं धुऊन पुसून पांढऱ्या कापडावर मांडतात. पान्हे, हातोड्या, मीटर, वेल्डिंगचं सामान, सगळं. मोटारींना झेंडूचे हार, दारांना केळीचे खुंट, नारळ, लिंबं. अप्पा मैलाराचे, म्हणजे खंडोबाचे भक्त. ते घरून पिशवीभर भंडारा आणतात आणि येळकोट म्हणत सगळ्यावर उधळतात. मी त्या दिवशी नसते. आमचं घर बुद्धाचं. खंडेनवमीला मी विहार झाडायला, धुवायला जाते आणि दसऱ्याला पांढरी साडी नेसून वंदनेला. दोन्ही दिवस माझी रजा ठरलेली, आणि त्यावरून कारखान्यात कधी कुणी वाकडं बोललेलं नाही. पूजा झाली की फरशा धुऊन कारखाना बंद होतो तो दसरा झाल्यावर उघडतो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मी कामावर आले ती उशिरा. शिफ्ट सुरू होऊन गेली होती. कंट्रोल रूममध्ये पाऊल टाकल्याटाकल्या पॅनेलवाल्यानं हातावर पेढा ठेवला आणि हसत सांगितलं, की तुमची लेक आता शहाणी झाली. मी पॅनेलकडे बघितलं. रडकीच्या खिडकीत शून्य. हिरवा दिवा. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. वाटलं, ओल वाळली असेल, आता चार दिवस सुखानं जातील. मी पेढा खाल्ला.

खाता खाता ऐकलं, की टाकीतला पंप चोंदलाय, पाणी पुढं जाईना, म्हणून अप्पा खाली उतरायच्या तयारीत आहेत. परवानगी झालेली, पट्टा बांधलेला, दोरी धरायला वर माणूस ठेवलेला. खांबावरच्या सेन्सरवर शून्य, अप्पांच्या छातीला अडकवलेल्या हातमीटरवरही शून्य. म्हणून पंखासुद्धा लावला नव्हता. सगळं नियमानं चाललं होतं. तरी सुट्टीनंतर सेन्सरला एकदा बाटलीतला गॅस दाखवून तपासायचं असतं, ते माझं काम बाकी होतं. आत्ताच उरकून टाकावं, म्हणून मी तपासणीची बाटली घेतली आणि मागच्या अंगाला निघाले. घाई अशी नव्हती. वाटेत एका मोटारीवरचा वाळका हारही मी काढून टाकला.

निंबाच्या झाडापाशी आले आणि मला वास आला. हलकाच. सडक्या अंड्याचा.

मी नव्या लोकांना नेहमी सांगते, नाकावर विसंबू नका, मीटरवर विसंबा. त्या क्षणी माझं नाक एक सांगत होतं आणि दोन-दोन मीटर दुसरंच सांगत होते. आणि समोर अप्पा टाकीच्या काठावर. एक पाय लोखंडी शिडीच्या पायरीवर, दुसरा उचललेला. पळता पळता मी ओरडले की वर या.

अप्पांनी मान वळवली, पण पाय काही वर घेतला नाही. "कामून, अक्का? शून्य दाखवायलंय की."

"अप्पा, वास येतोय मला."

"झाकण काढल्यावर यायला व्हता," ते शांतपणे म्हणाले. "आता येईना."

हा गॅस जास्त झाला की आधी नाक मारतो. वास येणं थांबलं म्हणजे गॅस गेला असं नाही, बऱ्याचदा उलटच असतं. काठावर बसून झाकण सरकवताना, वाकून आत बघताना अप्पांचं नाक कधीच बधीर झालं होतं. आणि ते नाकावर नाही, मीटरवरच विसंबून उतरत होते, अगदी मी शिकवलं होतं तसं.

मी श्वास धरला, त्यांच्या पट्ट्याला हात घातला आणि ओढलं. दोरीवाल्यानंही ओढलं. अप्पा काठावर आडवे झाले, गुडघा खरचटला, टोपी टाकीत पडली. आम्ही दोघांनी त्यांना फरफटत निंबाखाली नेलं. तिथं माझं तोंड सुटलं. वडलांच्या वयाच्या माणसाला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अप्पा बिचारे टोपी गेली म्हणून डोक्यावरून हात फिरवत होते आणि एवढं काय झालं असं माझ्याकडे बघत होते.

आता मला त्या शून्याचा छडा लावायचा होता. कंट्रोल रूमला फोन करून मी पंखा हातानं लावायला सांगितला, तोंडावर हवेचा मास्क चढवला आणि खांबाशी गेले. खाली वाकून डबीचं तोंड बघितलं. जाळी दिसतच नव्हती. तिथं पिवळाधमक लेप होता. तेलात कालवलेला भंडारा, बोटानं दाबून दाबून भरलेला, वर वाळून कडक झालेला. डबीच्या गळ्यात लिंबू-मिरची. यंत्र जिवंत होतं, वायरी शाबूत होत्या, पॅनेलवर हिरवा दिवा होता. फक्त तिला श्वास घेता येत नव्हता. श्वासच नाही तर ती बिचारी काय रडणार?

मी जाळीची टोपी फिरवून काढली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खांबावरचा आकडा हलला, चढला, आणखी चढला, आणि भोंगा फुटला. लाल दिवा गरगर फिरायला लागला. एरवी त्या आवाजानं माझ्या डोक्यात तिडीक जायची. त्या दिवशी तो ऐकताना मास्कच्या आत माझे डोळे भरून आले. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो कसा पडतो ते मला तिथं कळलं. अप्पा वर होते, जिवंत होते, आणि ती रडत होती.

मी झाडाखाली परत आले तेव्हा अप्पांना सगळं उमगलं होतं. भोंगा ऐकून उमगलं, की माझ्या हातातली जाळीची पिवळी टोपी बघून, कोण जाणे. ते उकिडवे बसले होते, हातात पाण्याचा तांब्या. छातीवरचा हातमीटर त्यांनी स्वतःच काढून माझ्यापुढं धरला. त्याच्याही तोंडाला भंडारा होता. हत्यारांच्या रांगेत तोही पांढऱ्या कापडावर मांडला होता.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. लेकरू फार रडत असलं की त्यांच्याकडे मैलाराचा भंडारा कपाळाला लावतात आणि चिमूटभर जिभेवर ठेवतात. त्यानं लेकरू निवतं. अप्पांची सगळी नातवंडं तशीच निवली होती. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना भंडारा लावता लावता ते रडकीपाशी आले आणि त्यांना तिची दया आली. दिवसभर रडते, लोकांच्या शिव्या खाते, आणि तिच्यापायी अक्काला धावावं लागतं. म्हणून त्यांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला, आणि तोंडातही घातला. हातमीटर म्हणजे तिची धाकटी बहीण, म्हणून तिलाही घातला. आणि खरंच ती गप्प झाली. अप्पा खुशीत घरी गेले, बायकोला सांगितलं, की आज एक पुण्याचं काम केलं.

सांगून झालं. मग म्हणाले, "म्हंजी लेकराचं तोंड मीच दाबलो व्हय, अक्का?"

मी रागाचं उरलेलं बरंच काही बोलणार होते. पण मी त्यांच्या शेजारी मातीत बसले आणि मला आधी हसू आलं, मग रडू. सांगायचं ते एवढंच सांगितलं, की अप्पा, तिची माया करायची तर तिचं तोंड मोकळं ठेवायचं. ती रडते म्हणजे बरी आहे. त्यांनी शहाण्या लेकरासारखी मान हलवली. मग त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला, उरलेलं पाणी मी प्याले.

पंखा बराच वेळ चालला. आकडा खाली आला, भोंगा थांबला. चोंदलेला पंप साखळीनं वर ओढून घेतला, कुणाला खाली उतरावंच लागलं नाही. पंपाच्या तोंडातून निघाले झेंडूच्या हारांचे लगदे आणि केळीच्या खुंटाचे धागे. पूजेनंतर फरशा धुतल्या, तेव्हा सगळं गटारीनं वाहत टाकीत गेलं होतं. पंप अडकला, कारखाना बंद, पाणी साचलं, गॅस झाला. अप्पांची टोपीही लोखंडी आकडीनं वर काढली, पण ती कुणी घालण्यासारखी राहिली नव्हती. घरी टोपीचं काय सांगायचं, ही अप्पांची खरी चिंता. वाऱ्यानं उडाली म्हणून सांगा, असं सगळ्यांनी सुचवलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या बायकोला सगळी हकीकत कळली होती. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डबा आला, त्यात तीन प्रकारच्या चटण्या.

साहेब मात्र घाबरले होते, आणि घाबरलेला साहेब आधी बंदी घालतो. त्यांनी बैठक बोलावली आणि कानडीत ठणकावून सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून कारखान्यात पूजा बंद. सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेबांना वाटलं असेल, निदान या बाईचा तरी आपल्याला पाठिंबा मिळेल, ही काही पूजा करत नाही. मीच उठले. म्हटलं, पूजा बंद केली तर लोक साहेबांची पाठ फिरल्यावर, चोरून, घाईघाईत करतील, आणि मग हळद कुठं कुठं गेली ते मला कधीच कळणार नाही. माझा हळदीवर राग नाही, ती जिथं लावली त्या जागेवर आहे. पूजा उघड्यावर करा, मला सांगून करा, हार गटारीत जाऊ देऊ नका. साहेबांना ते पटायला चहाचे दोन कप लागले, पण पटलं.

त्याच आठवड्यात मी लाल ऑइलपेंट आणला आणि प्रत्येक सेन्सरच्या खांबावर एक पट्टा ओढला. पट्ट्याच्या खाली नारळ फोडा, भंडारा लावा, हार घाला, तुमचं तुम्ही बघा. पट्ट्याच्या वर कुणी बोट लावायचं नाही. अप्पा रंगाचा डबा धरून माझ्याबरोबर फिरले. रडकीच्या खांबाशी पट्टा त्यांनी स्वतः ओढला, जरा वाकडाच. मग म्हणाले, तपासायचं कसं ते मलाही शिकवा. मी शिकवलं. बाटलीची नळी जाळीशी धरायची, झडप जराशी उघडायची, आकडा चढतो का बघायचा, भोंगा वाजू द्यायचा. पहिल्या खेपेला भोंगा वाजल्यावर ते दचकून दोन पावलं मागं सरले आणि मग ओशाळून हसले.

पावसाळा परत आला. रडकी परत रडायला लागली. लोक परत वैतागले, मला परत फोन यायला लागले. फरक एवढाच, की आता अप्पा चिडवत नव्हते. भोंगा वाजला की ते सगळ्यांत आधी निंबाखाली जाऊन बसायचे आणि रेंगाळणाऱ्यांना हाका मारायचे.

मग खंडेनवमी आली. मी नेहमीसारखी रजेवर. विहारात आम्ही बायका अंगण झाडत होतो, कुणी पायऱ्या धूत होतं, उद्याच्या वंदनेची तयारी चालली होती. तेवढ्यात फोन वाजला. कारखान्याचा. सुट्टीच्या दिवशी कारखान्यातून फोन म्हणजे काही बरं नसतं. मी झाडू तसाच हातात धरून फोन कानाला लावला. पलीकडून भोंगा ऐकू येत होता, चांगला मोठ्यानं.

"घाबरू नका, अक्का," अप्पा ओरडून सांगत होते. "बाटली लावलोय. लेक रडायलीय, ऐका."

मग त्यांनी फोन बहुतेक भोंग्याकडे धरला. मी ऐकत उभी राहिले. थोड्या वेळानं भोंगा थांबला आणि पंख्याचा घरघर आवाज यायला लागला. अप्पा परत बोलले, की धाकटीलाही तपासलंय, दोघींची तोंडं मोकळी आहेत, आता पूजा करू का? मी म्हटलं, करा.

पायऱ्या धुणाऱ्या बाईनं फोनमधलं अप्पांचं ओरडणं ऐकलं होतं. तिनं पाण्याची बादली खाली ठेवली आणि काळजीनं विचारलं, कोण रडायलंय एवढं?

"माझी लेक," मी म्हटलं. "रडू दे तिला."